पाठ नसलेले झगे

दुकानातले सगळे झगे पाठीकडून उघडे.
समोरून शंभर वर्षांपूर्वीचं झीलंड,
मागून वेल्क्रो.
बसमधून चाळीस माणसं उतरतात,
मी त्यांच्या जॅकेटवरूनच चढवते एकेकाला.
हात पुढे करा. हां, असे.
लाकडी जोडे फळीला ठोकून ठेवलेत,
त्यांत नुसतं उभं राहायचं.
मागे पडद्यावर बंधारा, पवनचक्की
आणि कधीच किनाऱ्याला न लागलेलं एक गलबत.
दोन मिनिटं. पंधरा युरो. पुढचे या.

आणि खिडकीबाहेरून, दर गुरुवारी,
त्याच झग्यात यिक्केमीन जायची सायकलवरून.
घोळ साखळीत जाऊ नये म्हणून
कपडे वाळत घालायचा हिरवा चिमटा लावलेला,
कॅरियरला बीटची पिशवी.
तेच काळं लोकरी कापड, तीच पांढरी टोपी,
तीच गळ्यातली पोवळी.
एका पाहुण्यानं एकदा तिला थांबवून विचारलं,
हे भाड्यानं कुठं मिळतं?
ती म्हणाली,
"माझ्याकडे तरी अजून कुणी परत मागितलेलं नाही."

मी विचारायची वेड्यासारखं,
जड नाही होत? उकडत नाही?
"तानेच्ये, तुझी जीन्स तुला जड होते का?"
रोज पहाटे सत्तावीस टाचण्या, आरशाशिवाय.
"बोटांना माहीत आहे. मला मोजायला लावशील तर चुकेन."
अंगवळणी पडणं म्हणतात ते हेच असावं:
कापडाला अंगाची वळणं,
अंगाला कापडाची.

नवरा बुडाला तेव्हा पोवळी पेटीत गेली,
पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन गेला, काळा आला.
चार वर्षं.
मग एका सोमवारी करड्यात किंचित जांभळं दिसलं
आणि अख्ख्या गावाला न सांगता कळलं
की आता तिच्याशी हसून बोललं तरी चालेल.
आमच्या रॅकवर दुखवट्याचा झगा नाही.
कुणी मागतच नाही.

फेब्रुवारीत ती गेली. सर्दी आहे म्हणत
अंगावर काढत राहिली, तेच निमित्त झालं.
भाचीनं सगळं संग्रहालयाला दिलं
आणि पुतळ्याला चढवायला मला बोलावलं,
मला सवय आहे म्हणून.
सवय!
पहिली पाच मिनिटं मी मागची फट शोधत बसले.

पांढरे हातमोजे घालून चोळी उलटी केली.
आत तीन रंगांचे दोरे, ठिगळावर ठिगळ,
काखेत घामाचा पिवळट नकाशा.
आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी
एकदा सोडलेल्या, चांगल्या चार बोटं,
मग पुन्हा आवळलेल्या.
सोडताना टाके सावकाश, सारखे.
आवळताना कसेतरी, मोठे मोठे, जणू अंधारात घातलेले.
यिक्केमीनला मूल होतं
असं गावात कधीच कुणी बोललं नव्हतं.

वहीत नोंद झाली:
स्थिती डागाळलेली. दुरुस्त्या अनेक.

पुतळ्याला कोपर नव्हतं.
बाही तरी वाकलेलीच राहिली,
हँडल धरल्यासारखी.
मी दोनदा सरळ केली, मग नाद सोडला.

घोळाला चिमटा तसाच होता.
तेवढा काढा, साहेब म्हणाले,
तो प्लॅस्टिकचा आहे, त्या काळातला नाही.
कोणत्या काळातला नाही
हे मी विचारलं नाही.
काढला. खिशात टाकला.

आज पहिल्याच बसमधल्या एका मुलीच्या पाठीवर
वेल्क्रो काही केल्या धरेना.
झिजलंय ते, किती जणांना चिकटणार.
हात पुढे करा, हां, असे, म्हणत
मी मागून तो हिरवा चिमटा लावला.

ती एकदम ताठ उभी राहिली.
काय झालं? मी विचारलं.
काही नाही, ती म्हणाली, गार लागलं.

फोटोत दिसत नाही.